ग्लासगोने ठोकलेले बूट

ग्लासगो आयुष्यात डोंगरगडच्या पुढे गेला नव्हता. डोंगरगडलाही वर्षातून एकदाच, बमलाई देवीच्या दर्शनाला. पॅसेंजरने सकाळी जायचं आणि दुसऱ्या दिवशी आपली पेटी उघडायला हजर. तरी अख्खं गोंदिया त्याला ग्लासगो म्हणायचं. स्कॉटलंडातल्या त्या शहरात हिरव्या पट्ट्यांच्या क्लबाने यंदा कोणता खेळाडू घेतला आणि निळ्या क्लबाने कोणता पळवला, हे गोंदियात एकाच माणसाला ठाऊक असायचं. तो माणूस स्टेशनबाहेर, मालधक्क्याच्या रस्त्यावर, पिंपळाखाली बसून लोकांच्या चपला शिवायचा.

खरं नाव सुखराम. त्या नावाने त्याला हाक मारणारी एकटी त्याची बायको. मी रेल्वेच्या टीममध्ये लेफ्ट आऊटला खेळायचो, डाव्या पायाने, म्हणून मला तो ‘डाव्या’ म्हणायचा. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलोय ते नुसतं त्याचं कौतुक करायला नाही. मी त्याचा एक मोठा अपराध केला आहे. तो ज्यांनी ज्यांनी पाहिला ती माणसं एकेक करून गेली. मी उरलोय. मी सांगितलं नाही तर कोण सांगणार?

त्याला हे नाव पडलं ते दोन साहेबांमुळे. इंग्रजी राज्याच्या शेवटच्या वर्षांत गोंदियाच्या लोको शेडमध्ये एक स्कॉच फोरमन होता आणि मालगाडीवर एक स्कॉच गार्ड होता. दोघेही ग्लासगोचे. फोरमन हिरव्या क्लबाचा, गार्ड निळ्या क्लबाचा. ड्यूटी संपली की दोघे सुखरामच्या पेटीसमोर खोक्यांवर बसायचे आणि भांडायचे. अमका खेळाडू इंग्लंडला का जाऊ दिला, तमक्याने पैशासाठी आईसारखा क्लब सोडला, तुमच्या क्लबाने आमचा हाफबॅक फितवला, अशी ती भांडणं. सहा हजार मैलांवर कोणी तरी शर्ट बदलायचा आणि इकडे पिंपळाखाली दोन गोरे चेहरे लाल व्हायचे. सुखरामला सुरुवातीला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. मी एकदा विचारलं, मग तुला समजायचं कसं? तर म्हणाला, “शिव्या समजाले भाषा कायले लागते बे?”

फोरमनने त्याला फुटबॉलचे बूट शिकवले. चामड्याच्या चकत्या एकावर एक चिकटवून स्टड कसा करायचा, बुटाच्या तळाला तो तीन खिळ्यांनी कसा ठोकायचा, हे सगळं. शेडमधून त्याने तीन पायांची एक लोखंडी ऐरण घडवून दिली. बूट तिच्यावर उलटा चढवायचा, वरून खिळा ठोकायचा, म्हणजे खिळ्याचं टोक आत लोखंडावर आपटून वळतं आणि चामड्यात बसतं. ते नीट वळलं नाही तर धावताना टोक वर येतं आणि पायात घुसतं. भंडाऱ्यापासून डोंगरगडपर्यंत हे काम जमणारा दुसरा मोची नव्हता. फोरमनचं मीठ खाल्लं म्हणून सुखराम हिरवा झाला, आणि झाला तो असा झाला, की निळं आकाश दिसलं तरी तोंड वाकडं करायचा.

एकदा गार्डसाहेबाने आपले बूट ठोकायला दिले. न्यायला आला तेव्हा थट्टेत की खरंच कोण जाणे, तो फोरमनला म्हणाला, तुझा हा हिरवा मोची माझ्या बुटात एखादा खिळा उभा ठेवील. फोरमनने ते सुखरामला हिंदीत सांगितलं. सुखराम उठला. त्याने त्या गोऱ्या साहेबाचा हात मनगटाला धरला आणि सरळ बुटात घातला, पार चवड्यापर्यंत. तेव्हा साहेबाचा हात धरणं म्हणजे खेळ नव्हता. पण साहेबाने आत बोटं फिरवली आणि मान हलवून बूट उचलले. ही गोष्ट सांगताना सुखरामचं एक वाक्य ठरलेलं असायचं, “निळा असला म्हनून का झालं? पाय तं मानसाचाच आहे ना.”

त्या दिवसापासून त्याचा नियम झाला. बूट कोणाचाही असो, शिवून झाला की तो पुढे करायचा आणि म्हणायचा, “हात घाल.” ज्याचा बूट त्याने स्वतः आत हात घालून बोटं फिरवायची, मगच बूट मिळायचा. आता बुटात हात घालणं ही काय लोकांना आवडणारी गोष्ट आहे? स्टेशनातले एक सोवळे हेडक्लार्क चांगलेच भडकले होते. म्हणाले, मला घरी जाऊन आंघोळ करावी लागेल. ग्लासगो म्हणाला, “मंग करा ना बाप्पा. नळाले पानी आहे.” हेडक्लार्क अर्धा तास पिंपळाखाली अनवाणी उभे होते. शेवटी त्यांनी डोळे मिटून हात घातला. आम्ही समोरच्या चहाच्या टपरीत हसून लोटपोट.

स्वातंत्र्य आलं आणि साहेब लोक गेले. फोरमन जाताना ऐरण सुखरामलाच देऊन गेला. पुढे वर्षाला दोन-तीन पत्रं त्याची यायची, सोबत वर्तमानपत्रातली कात्रणं. ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी आमगावकडचा, पोवाराच्या घरचा. घरी धानाची शेती, पण मी मॅट्रिक झालो आणि फुटबॉलच्या जोरावर रेल्वेत कच्च्या नोकरीवर लागलो. माझं इंग्रजी म्हणजे डिक्शनरी मांडीवर घेऊन चाललेलं. ग्लासगोला त्याची पर्वा नव्हती. तो हातातली आरी खाली ठेवायचा, हात धुवायचा आणि मग पत्र माझ्या हातात द्यायचा. माझ्याकडून तो त्याला उत्तरही लिहून घ्यायचा. एका उत्तरात त्याने लिहायला लावलं होतं, की इथे डाव्या पायाचा एक पोरगा आहे, त्याचे बूट मी ठोकतो, पुढच्या पत्रात त्याच्या खेळाची खबर देईन.

एका पत्रात फोरमनने फार दुःखाने लिहिलं होतं, की त्यांच्या गल्लीत वाढलेला एक खेळाडू निळ्यांकडे गेला. त्याचे शेजारी त्याच्याशी बोलत नाहीत. समोर तिवारी होता. ही चहाची टपरी त्याची. तिवारी राईस मिलच्या टीमचा कट्टर माणूस, म्हणजे रेल्वेवाल्या ग्लासगोचा जन्माचा वैरी. तो म्हणाला, “अरे भाई, खिलाड़ी को भी पेट है कि नहीं?” एरवी ग्लासगो अशा वेळी उसळायचा. खेळाडू घेतला-दिला की त्याचं डोकं फिरायचं. “मानूस का बैल आहे, का बाजारात दात पाहून घेतला?” असं म्हणायचा. त्या दिवशी मात्र त्याने माझ्या हातातलं पत्र घेऊन त्याची घडी केली. मग मला म्हणाला, “डाव्या, त्या पोराचे बूट आता कोन शिवत असन रे?”

गोंदियात तेव्हा दोनच पक्ष होते, आणि ते काँग्रेस नि दुसरा असे नव्हते. रेल्वे आणि राईस मिल. आमची राजधानी तेव्हा नागपूर होती, तिथे काय चाललंय याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. मिलने रेल्वेचा बॅकचा खेळाडू फोडला, रेल्वेने मिलच्या गोलकीपरला गँगमनची जागा दिली, यावर भावाभावांत बोलणं बंद व्हायचं. सोयरिकीच्या बैठकीतून पाहुणे उठून गेलेले मी पाहिले आहेत. आणि या सगळ्याचं कोर्ट भरायचं पिंपळाखाली. एका बाजूला ग्लासगो, दुसऱ्या बाजूला तिवारी, मध्ये रस्ता. दोघे बसल्या जागेवरून ओरडत बोलायचे, आणि मधून जाणाऱ्या बैलगाड्या थांबून ऐकायच्या.

माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याची कथा इथे सांगून टाकतो. लहानपणी चिखलणीच्या वेळी त्यावर रेड्याचा पाय पडला होता. नख वाकडंच उगवलं. बूट जरा घट्ट झाला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, टीममधून काढतील म्हणून. ग्लासगोने माझा बूट पहिल्यांदा हातात घेतला, आतून चाचपला आणि विचारलं, “अंगठ्याले का झालं?” त्यानंतर माझ्या बुटात त्या जागी तो नेहमी चामडं रंधून पातळ करायचा. पैसे घेतले नाहीत, बोललाही नाही कधी.

आणि अशा माणसाला न सांगता मी मिलकडे गेलो.

कारण सांगतो. सोंगं नकोत. रेल्वेने मला दोन वर्षं पक्क्या नोकरीचं गाजर दाखवलं होतं. माझी सोयरीक ठरली होती. मुलीच्या बापाने स्पष्ट सांगितलं होतं, की पोरगा पक्का झाल्याशिवाय हळद लागणार नाही. एक वर्ष थांबले, दुसरं थांबले, मग दुसरीकडून स्थळ पाहू लागले. दिवाळीनंतर मिलच्या मॅनेजरने बोलावलं आणि वजनकाट्यावरची कायम नोकरी पुढे केली, अट एकच, खेळायचं मिलकडून. मी त्याच दुपारी सही केली. ग्लासगोला सांगायला दोनदा पिंपळापर्यंत गेलो आणि दोनदा टपरीमागून परत फिरलो. बॅकच्या अंगावर धावून जाणारा मी, पण त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देण्याची हिंमत नव्हती. त्याला ते तिवारीकडून कळलं. तिवारीने अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. ग्लासगो म्हणे खाली मान घालून चप्पल शिवत राहिला.

धानाची मळणी उरकली की आमच्याकडे टूर्नामेंट असायची. त्या वर्षी फायनल लागली रेल्वे विरुद्ध मिल. सगळ्या गावाला जी हवी होती तीच. आणि फायनलच्या चार दिवस आधी, सेमीफायनलमध्ये, माझ्या डाव्या बुटाचे दोन स्टड उखडले, उजव्याचा एक. आता ते ठोकणार कोण? एकच माणूस.

मी स्वतः जायला हवं होतं. नाही गेलो. मिलच्या मुनीमजींच्या हाती पोत्यात घालून बूट पाठवले. मुनीमजी परत आले ते घाम पुसत. ग्लासगोने बूट ठेवून घेतले होते आणि एवढंच म्हणाला होता, “शुक्रवारी तयार होतीन. ज्याचा पाय त्यानं यावं.”

शुक्रवार आला. मी गेलो नाही. शनिवारी गेलो नाही. या दोन दिवसांत गावात काय काय उठलं विचारू नका. रेल्वे कॉलनीतली पोरं ग्लासगोभोवती घोळका करून म्हणायची, काका, एक खिळा ठेवून द्या, फक्त एक. मिलच्या गोदामात हमाल पैजा लावत होते. तिवारीने मला निरोप पाठवला की ग्लासगो सगळ्यांना एकच उत्तर देतो. “डाव्या तिकडून खेळन. पन माह्या खिळ्यावर खेळन.” यातून काय समजायचं? मी त्याचा सरळ अर्थ घेतला नाही. अपराधी माणसाला सरळ काही ऐकू येत नाही. माझी रात्रीची झोप उडाली. जेवताना अंगठा आपोआप आखडायचा.

रविवारी चार वाजता मॅच. दुपारी एकला मुनीमजी पुन्हा पिंपळाखाली गेले आणि या खेपेला बूट घेऊन आले, पोत्यात गुंडाळून. मिलच्या अंगणात टीम जमली होती. त्यांनी पोतं माझ्यासमोर ठेवलं.

मी विचारलं, “काही म्हणाला का?”

“नाही. काही नाही. दिले गुंडाळून.”

मॅनेजर पुढे झाला. मोठा चलाख माणूस. म्हणाला, “हा सुखराम आयुष्यात कधी कोणाला हात घातल्याशिवाय बूट देतो?”

सगळ्यांनाच नियम माहीत होता.

“साहेबाला दिला नाही त्याने. हेडक्लार्कला दिला नाही. आज कसा दिला? ज्याचा बूट त्याने हात घालू नये म्हणूनच ना?”

आमचा सेंटर हाफ म्हणाला, “अरे, आत्ता हात घालून पाहा की. दूध का दूध.”

“आत्ता काय दिसणार?” मॅनेजर म्हणाला. “टोक अर्धवट वळवलं असेल तर ते पळल्यावर वर येतं. अर्ध्या तासाने पाय फाटेल, तेव्हा कळेल.”

बूट माझ्यासमोर होते. तेल लावून चकचकीत केलेले, नवे स्टड, नाडीसुद्धा धुतलेली. हात घालायला एक क्षण लागला असता. तुम्ही म्हणाल, मग का नाही घातलास? मी हा प्रश्न स्वतःला हजारदा विचारला आहे. खिळ्याची भीती होतीच. पण खरं सांगतो, मला त्याहून जास्त भीती दुसरीच होती. आत काहीच सापडलं नसतं तर? मग त्याच्याकडे न गेल्याची लाज कुठे लपवली असती? तो वाईट निघालेला मला परवडत होता. मी बूट पोत्यात परत गुंडाळले आणि राखीव खेळाडूचे बूट पायात चढवले. अंगठा आत जाईना. दात खाऊन घातला.

मैदान रेल्वेचं, रुळांच्या कडेला. छोट्या लाईनची गाडीसुद्धा त्या दिवशी सिग्नलला जरा जास्तच थांबली होती, ड्रायव्हरला बघायचं होतं. ग्लासगो त्याच्या ठरलेल्या जागी उभा होता, डाव्या कोपऱ्याच्या झेंड्यापाशी. मी लेफ्ट आऊट, म्हणून तीन वर्षं तो तिथेच उभा राहायचा. हाफ टाइमनंतर बाजू बदलली की मैदानाला वळसा घालून तोही बदलायचा. त्या दिवशी मी रेल्वेचा नव्हतो, तरी तो तिथेच होता. स्वच्छ धोतर, डोक्याला पागोटं. देवीला जाताना घालायचा तसा.

मी मैदानात उतरलो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहिलं. मी धावत त्याच्या जवळ आलो तेव्हा तो जरा खाली वाकला, डोळे बारीक केले आणि पुन्हा पाहिलं. आपण ठोकलेला बूट तो शंभर पावलांवरून ओळखायचा. मग तो सरळ उभा राहिला. चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याचा चेहरा नुसता रिकामा झाला.

मॅच अशी झाली की माणसं श्वास घ्यायला विसरली. माझ्या अंगठ्यात आग होती. हाफ टाइमपर्यंत गोल नाही. बाजू बदलली. ग्लासगो या वेळी जागेवरून हलला नाही. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खेळत होतो आणि तो त्या रिकाम्या कोपऱ्यात एकटा उभा. संपायला चार-पाच मिनिटं असतील, उजवीकडून चेंडू आला आणि मी डाव्या पायाने मारला. गोल. मिलच्या लोकांनी मला डोक्यावर घेतलं. वरून मला तो कोपरा दिसत होता. रेल्वेची पोरं हरली होती, चिडली होती, आणि ग्लासगोच्या पाठीवर थापा मारत होती. “वा काका! ठेवला होता ना खिळा? त्याला कळलं, नाहीतर आज पाय गेला असता त्याचा!” शाबासकी देत होती हो त्याला! त्याच्याच पक्षाची पोरं, त्याने न केलेल्या पापाची. आणि इकडे मिलची माणसं बोंबलत होती, चांभाराने दगा केला, दगा केला. मी बूट घातले नाहीत, यातच सगळ्या गावाला निकाल मिळाला होता. तो गर्दीतून वाट काढत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी पोतं घेऊन पिंपळाखाली गेलो. आता गेलो! आधी तिवारीने अडवलं. आयुष्यभर त्या माणसाशी भांडलेला तिवारी आज त्याच्याच बाजूने बोलू लागला. “मैंने अपनी आँखों से देखा है,” तो म्हणाला. ग्लासगोने मुनीमजींना सांगितलं होतं, डाव्या येत नाही तर त्याच्या वतीने तुम्ही हात घाला. मुनीमजी सोवळ्याचे. ते म्हणाले, मी चामड्याला शिवणार नाही, हवं तर पोत्यात टाक. ग्लासगो बराच वेळ बूट धरून बसला. मग म्हणाला, नाही दिले तर पोरगा खेळेल कशात? आणि जन्मात पहिल्यांदा त्याने हात घातल्याशिवाय बूट दिले. मुनीमजींनी हे आम्हाला सांगितलंच नाही. स्वतः नाही म्हणाले याची लाज वाटली असणार. लाजेने त्या दिवशी आम्हा दोघांकडून काय काय करवलं.

मी रस्ता ओलांडला. ग्लासगोने पोतं उघडलं, डावा बूट काढला आणि पुढे केला.

“हात घाल.”

“काका, माझं चुकलं.”

“हात घाल मनतो ना.”

मी हात घातला. आत रेशमासारखं गुळगुळीत. एक टोक बोटाला लागेना. अंगठ्याच्या जागी चामडं नेहमीसारखं रंधलेलं होतं, आणि त्यावर एक नवा तुकडा बसवला होता, कोकराच्या मऊ कातड्याचा. तसा तो पूर्वी कधी बसवला नव्हता. तो खास फायनलसाठी होता. माझी बोटं तिथेच राहिली. मी भर रस्त्यात हमसून हमसून रडलो, मला लाज वाटत नाही सांगायला.

“झालं पाहून?” त्याने बूट माझ्या हातातून घेतला, ऐरणीवर चढवला आणि पकडीने एकेक स्टड उपटायला सुरुवात केली. दोन्ही बुटांचे बारा. खिळे सरळ करून डब्यात टाकले. स्टड पेटीत ठेवले. मग बूट माझ्यासमोर ठेवले. “आता साधे झाले. धानाच्या बांधीत जाताना घालजो.”

त्यानंतर त्याने फुटबॉलचा बूट हातात घेतला नाही. सुरुवातीला लोक आणायचे नाहीत, मिलचे भीतीने आणि इतरही जरा जपूनच. पुढे आणू लागले तेव्हा तो नाही म्हणाला. तेंदूपानाच्या हंगामात जंगलात जाणाऱ्या बायांच्या वहाणा शिवायचा. मी गावभर सांगत फिरलो, की बूट चांगले होते, मीच गाढव. मॅनेजरच्या तोंडावर सांगितलं, मुनीमजींना चार लोकांत बोललो. लोक ऐकून घ्यायचे आणि डोळा मारायचे. खिळ्याची गोष्ट लोकांना जास्त आवडली होती. माझी हळद लागली, नोकरी पक्की झाली. मिलला जाताना मी मालधक्क्याचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने जायचो.

वर्ष-दीड वर्षाने एका दुपारी वजनकाट्यावर होतो. समोर ग्लासगो उभा. हात धुतलेले दिसत होते, मनगटापर्यंत ओले. त्याने कमरेचा बटवा सोडला आणि एक पत्र काढलं. न फोडलेलं.

“वाच,” तो म्हणाला. “दुसऱ्याले तुह्यासारखं जमत नाई.”

मी धानाच्या पोत्यावर बसलो, तो जरा लांब, जमिनीवर. फोरमन आता म्हातारा झाला होता, अक्षर हललं होतं. निळ्यांकडे गेलेल्या त्या खेळाडूबद्दल लिहिलं होतं, की तो आता परत त्यांच्याच गल्लीत राहतो, लोक थोडं थोडं बोलू लागलेत. आणि शेवटी विचारलं होतं, तुझा तो डाव्या पायाचा मुलगा कसा खेळतो? त्याची काहीच खबर दिली नाहीस.

मी एवढं वाचलं आणि मला पुढे काही दिसेना.

“कागद घे,” ग्लासगो म्हणाला. “उत्तर लिव.”

मी काट्याच्या चिठ्ठ्यांमधला एक कोरा कागद घेतला.

“लिव. पोरगा दुसऱ्या क्लबात गेला. फायनल झाली. गोल त्यानंच मारला.”

मी लिहिलं.

“माह्या बुटानं मारला.”

माझा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. फायनलनंतर पहिल्यांदाच त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं.

“लिव ना. काऊन थांबला?”

मी लिहिलं. त्याने ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग कागद घेतला, घडी केली, बटव्यात ठेवली आणि मिलच्या फाटकातून पोस्टाकडे निघून गेला.